जावयावर ओरडायचं कोणी

आमच्या गावात फुटबॉलचा कोच होणं म्हणजे दर रविवारी भर मैदानात शिव्या खायला उभं राहणं. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. मैदान बोडीला लागून होतं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, आणि तिची उंच पाळ हीच आमची गॅलरी. पाळीवर बसायचं, फुटाणे खायचे आणि कोचच्या नावानं बोंबलायचं. खेळाडूंना कोणी फारसं बोलत नसे, कारण पोरं आठवडाभर धानाच्या बांध्यांत राबून आलेली असायची. सगळा मारा कोचवर.

"ओ मास्तर, तो डावीकडचा पोट्टा झोपून राहिला, उठवा त्याले!"

"मास्तर, गोलकीपरले चष्मा घेऊन द्या ना जी!"

हे मास्तर म्हणजे आमचे पहिले कोच. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. क्लब त्यांनीच काढलेला. हात मागे बांधून लाइनीजवळ उभे राहत आणि एकदाही मागं वळून पाहत नसत. पण संध्याकाळी न चुकता माझ्या दुकानात येत. माझं हायवेवर बस थांबते तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान. घर दुकानाच्या मागेच. क्लबच्या बॉलात हवा भरायची, ब्लॅडर फाटलं तर चिकटवायचं, एवढं काम माझ्याकडे होतं, आणि तेवढ्या जोरावर मी स्वतःला क्लबचा माणूस समजत असे. मास्तर स्टुलावर बसायचे आणि विचारायचे, "हं, आज लोक काय काय बोलले, सांग."

मी सगळं सांगायचो. शिव्यांसकट. ते डोळे मिटून ऐकायचे. म्हणायचे, बहुतेक बोलणं फुकट जाते, पण एखादं कामाचं निघते. पुढच्या रविवारी डावीकडचा पोरगा उजवीकडे दिसायचा. पाळीवरचे लोक एकमेकांना कोपरानं ढोसायचे, "पाह्य, ऐकलं का नाही मास्तरनं!" अशी आमची पद्धत होती. दिसायला रानटी होती खरी, पण क्लब तिच्यावरच चालायचा.

मग दोन हजार साल उलटलं आणि क्लबला उतरती कळा लागली. चांगली पोरं कामासाठी नागपूर-हैदराबादकडे निघून गेली. जे उरले त्यांच्यात कोणाचं पोट सुटलेलं, कोणाचा गुडघा गेलेला. बाकी कुठं हरलो तर एक वेळ चालतं. पण मंडईच्या दिवशी हरणं म्हणजे नाक कापलं जाणं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी-जावई येतात, व्याही येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक होतं. आमच्या मंडईच्या दुपारी हायवेपलीकडच्या गावाबरोबर मॅच असायची, आणि ती आम्ही लागोपाठ हरत चाललो होतो. पाहुण्यांच्या ताटात वाढताना लोकांच्या माना खाली जायच्या. पाळीवरची भाषा बदलली. आधी म्हणायचे, मास्तर, असं करा, तसं करा. आता म्हणायला लागले, मास्तर, घरी जा.

मी मुळातच भित्रा. दिवसातून कितीदा तरी ट्यूब फुटल्याचा आवाज ऐकतो, तरी दर वेळी दचकतो. हरणाऱ्या क्लबचा चाहता होण्याला मी अजिबात लायक नाही. तरी कोच बदलायचा विषय निघाला तेव्हा मलाही वाटलं की होऊन जाऊ द्या. नवा माणूस आला की हवा बदलते. पण तो नवा माणूस कोण, हे ऐकलं आणि मला वाटलं, मास्तरच बरे.

विहाराच्या ओट्यावर बैठक होती. क्लबचे अध्यक्ष म्हणजे आमच्या वस्तीतले एक जुने शेतकरी, गडगडाटी आवाजाचे. ते म्हणाले, "बाहेरून कायले आनाचं? आपला जवाई आहे ना कोहमाऱ्याले. गोंदियाच्या कॉलेजात खेळला आहे. कपं आहेत त्याच्या घरी." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो जवाई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा.

मी का घाबरलो, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. आमचे जावई कोहमारा फाट्यावर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करायचे. माणूस निर्व्यसनी, दिसायला देखणा, बोलणं गोंदियाचं, म्हणजे अर्धं हिंदी. सगळं चांगलं, पण मानाचा भारी हट्ट. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा गर्दीत माझ्या काकाला आधी वाढलं गेलं आणि जावयाच्या ताटात मटण मागून पडलं. त्यांनी जेवण केलं, हात धुतले, गाडीला किक मारली आणि एकटेच निघून गेले. मागून निरोप आला, राहू द्या तिला तिकडेच. ती अख्खा पावसाळा आमच्याकडे राहिली. धानाच्या रोवणीला बायकांबरोबर गेली की त्या विचारायच्या, "काय वो, जवाई नाई आला न्यायले?" ती हसून दुसरंच काही बोलायची. माझी आई त्या दिवसांत अर्धी झाली. शेवटी काका स्वतः गेला, हात जोडून आला, तेव्हा कुठं ती नांदायला गेली.

दुसऱ्या वेळी निमित्त मीच होतो. त्यांच्या मोटरसायकलचा आवाज ऐकून सहज म्हणून गेलो, "गाडी खोकून राहिली जी, काढा पाजा तिले." झालं. या खेपेला बहिणीसोबत तान्ही पोरगीही आमच्या दारात आली. तेव्हापासून मी जावयांशी दोनच शब्द बोलायचो, 'हो जी' आणि 'बराबर आहे जी'. आई तर त्यांच्यासमोर खोकायचीही नाही. आमच्या घरात ग्रहबिह कोणी मानत नाही. बाकीच्या नवांना तर आम्ही कधी धूप घातला नाही. पण जावई हा दहावा ग्रह, हे मात्र आमच्याइतकं मनापासून कोणी मानलं नसेल.

आता हा माणूस कोच होणार. आणि आमचा क्लब तर हरणारच, हे मला हवेच्या दाबाइतकं पक्कं ठाऊक. हरला की पाळीवरून शिव्या. शिव्या पडल्या की गाडीला किक. आणि संध्याकाळी माझ्या दारात बहीण, कडेवर पोर. तिसऱ्या वेळेला ते तिला परत घेतील याची मला खात्री नव्हती. हे सगळं बैठकीत कसं बोलणार? मी म्हणालो, "त्यायले टाइम नाई भेटणार जी."

अध्यक्ष म्हणाले, "तू बॉलात हवा भर. टाइमाचं आमी पाहू."

दुसऱ्याच दिवशी मंडळी टोपी, टॉवेल, नारळ घेऊन कोहमाऱ्याला गेली. जावयाला आमंत्रण असंच द्यायचं असतं. मीही गेलो, तोंड पाडून. जावयांनी टोपी घातली, नारळ घेतला आणि म्हणाले, "पूरा गाव आया, तो ना कैसे बोलनार?" स्वयंपाकघराच्या दारात बहीण उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्याआधी सगळं कळलेलं होतं, असं मला वाटलं.

मास्तरांनी बॉलांची जाळी माझ्याच दुकानात आणून ठेवली. रागावलेले दिसले नाहीत. पंपाकडे पाहत बसले आणि उठताना म्हणाले, "आता संध्याकारी तुह्याकडं कोण येईन विचाराले?" मी म्हणालो, तुम्ही या ना. ते म्हणाले, मले कोण काय बोलणार आता.

पहिल्या रविवारी जावई मैदानावर आले तेव्हा अख्खी पाळ उठून उभी राहिली. कुठूनशा आणलेल्या लाकडी खुर्चीवर टॉवेल अंथरून ठेवलेला. चहा आला. जे म्हातारे मास्तरांच्या सात पिढ्या काढायचे ते हात जोडून म्हणाले, "या जी, बसा जी." गावाची लेक ज्याला दिली तो सगळ्या गावाचा जावई. हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, आपोआप येतं. मॅच सुरू झाली. जावयांची कल्पना अशी की सगळ्यांनी पुढं जायचं, हल्ला करायचा. आमच्या मागच्या फळीत एक उंचापुरा ट्रॅक्टर चालवणारा पोरगा होता. बॉल त्याच्या अंगावर आपटून परत जायचा, एवढाच त्याचा खेळ, पण तो होता म्हणून आमचं अंगण झाकलेलं होतं. त्यालाच त्यांनी पुढं पाठवलं. मागं मोकळं रान. समोरच्यांनी गोल केला. मग आणखी एक.

मी डोळे मिटून बसलो. आता पडेल शिवी, आता पडेल. पण पाळीवर चिडीचूप. बोडीतल्या बदकांचा आवाज ऐकू यायला लागला. माझ्या शेजारी गावातला सगळ्यात तोंडाळ म्हातारा बसलेला. त्याचा चेहरा लाल झाला, गळ्याची शीर फुगली, तोंड उघडलं आणि त्याला ठसका लागला. शिवी गिळताना अडकली असावी. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. तो कसाबसा म्हणाला, "वा जवाईबुवा, बढिया!"

मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी अंगावर काटाही आला. शिव्या पडल्या असत्या तर जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. आता हे लांबणार होतं.

आणि लांबलंच. दर रविवारी आम्ही हरायचो आणि दर रविवारी जावयांचा सत्कार झाल्यासारखा निरोप व्हायचा. खेळाडूंचीही तीच गत. मास्तरांना पोरं तोंडावर सांगायची, मास्तर, आज दम नाही, मला मागं ठेवा. जावयांना कोण सांगणार? ते म्हणतील त्याला, हो जी. गुडघा दुखत असला तरी हो जी. ताप असला तरी हो जी. नवा कोच आला की जुनी चूक जाते आणि नवी येते, एवढं चाहत्याला माहीत असतं. पण चूक सांगणारेच मुके झाले तर ती चूक मुक्कामालाच राहते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो अख्खी पाळ खात होती. मास्तर आता आमच्यातच येऊन उभे राहायचे, तसेच हात मागे बांधून. ते मैदानाकडे कमी आणि आमच्या तोंडांकडे जास्त पाहायचे.

मी मात्र बॉलकडे पाहणंच सोडलं होतं. गोल झाला की मी जावयांचा चेहरा पाहायचो. ओठ आवळले का? टॉवेल झटकला का? मग माझी नजर बायकांच्या बाजूला जायची. तिथं बहीण पोरीला मांडीवर घेऊन, पदर तोंडाशी धरून बसलेली. लहानपणी हीच पाळीवर सगळ्यात पुढं असायची. बॉल बोडीत गेला की झगा खोचून पाण्यात शिरायची. तिचा आवाज असा की मास्तर एकदा म्हणाले होते, या पोरीला शिट्टी द्यायची गरज नाही. आता ती पंच्याहत्तरीच्या बाईसारखी बसायची. घरी गेलो की आई विचारायची. जिंकले की हरले, हे नाही. विचारायची, "जवाई हासत होते का?"

मी म्हणायचो, "हासत होते." मग आम्ही जेवायचो.

दिवाळी जवळ आली तशी कुजबुज वाढली. मंडईत पाहुण्यांसमोर या कोचला घेऊन उतरलो तर काही खरं नाही. पण काढायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अध्यक्ष भरदुपारी दुकानात आले. ट्यूब तपासायच्या पाण्यात बोटं बुडवत म्हणाले, "तुह्या घरचा माणूस आहे. तूच सांग ना गा."

"माह्याच घरचा आहे म्हणून तं नाई सांगत जी."

"अरे, गोडीत सांगजो."

गोडीत! आजवर त्या माणसाला काही गोडीत सांगता आलेलं मी पाहिलं नव्हतं. पण नाही म्हणायचंही धाडस लागतं, तेही माझ्याकडे नव्हतं. सायकल काढली आणि कोहमाऱ्याला गेलो. वाटेत ट्रक अंगावरून जात होते आणि मी वाक्यं पाठ करत होतो. काम फार वाढलं असेल जी. थोडा आराम करा जी. तुमच्या तब्येतीची काळजी वाटते जी.

जावई घरीच होते. पोरीला पोटावर बसवून खेळवत होते. मला पाहून एवढे खूश झाले की मी उंबऱ्यातच अडखळलो. त्यांनी मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं मैदान काढलेलं होतं, गोल, रेघा, बाण. मंडईच्या मॅचचा बेत. बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "भाऊ, माह्या घरात माह्यावर कधी कोनी भरोसा नाही केला. बाप बोलायचा, तू किसी काम का नाही. तुमच्या गावानं बुलाके टोपी दिली. मी नाही भूलनार."

पाठ केलेल्या वाक्यांऐवजी मी म्हणालो, "बराबर आहे जी." बहिणीनं चहा आणून दिला. परत येताना मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. आधी मी एका रागीट माणसाला भीत होतो. आता कळलं की हा माणूस खूश आहे. खुशीतून खाली पडणाऱ्याला जास्त लागतं, आणि तो पडला की कोणाच्या अंगावर पडणार हेही मला माहीत होतं.

मी अध्यक्षांना सरळ सांगितलं, माझ्यानं झालं नाही. ते चिडले नाहीत. त्यांनी दुसरी युक्ती काढली, आणि अशी युक्ती आमच्याच गावाला सुचू शकते. मंडईच्या रात्री नाटकाच्या स्टेजवर जावयांचा जाहीर सत्कार करायचा. शाल द्यायची, हार घालायचा, भाषणात म्हणायचं की त्यांनी क्लबसाठी फार कष्ट घेतले, आता त्यांना मोकळं करतो. म्हणजे मान देऊन काढायचं. सगळ्यांना हे फार पसंत पडलं. मला मात्र डोळ्यांपुढे दिसायला लागलं की हार गळ्यात पडलाय, जावयांना अर्थ कळलाय, चार गावचे लोक टाळ्या वाजवताहेत, आणि स्टेजमागं मोटरसायकल सुरू होतेय.

मंडईचा दिवस उजाडला. सकाळपासून घरात पाहुणे, चुलीवर मोठं भांडं, आईचा एक डोळा रश्श्यावर आणि दुसरा दारावर. जावयांना पहिलं ताट वाढलं. मटणाची पहिली फोड त्यांच्या ताटात पडताना मी स्वतः उभा राहून पाहिली. दुपारी बॉल घेऊन मैदानावर गेलो. पाळीवर मुंगीला जागा नव्हती.

हाफटाइमपर्यंत आमच्यावर तीन गोल चढले. पलीकडचं गाव नाचत होतं. आमच्या मागच्या फळीत आता एक बारीकसा पोरगा एकटाच उरला होता, आणि दुसऱ्याच गोलच्या वेळी त्याचा पाय मुरगळला होता. घोटा सुजून टम्म झालेला, पाळीवरून दिसत होता. जावयांनी त्याला विचारलं, "खेलनार ना?" तो म्हणाला, "हो जी." दुसरा हाफ सुरू झाला. तो पोरगा एका पायावर उड्या मारत पळायला लागला. समोरचे फॉरवर्ड त्याच्याच बाजूनं घुसायला लागले. एकदा तो पडला. उठला. परत पडला, आणि या खेपेला ओरडला. शेजारच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून तोंडावर धरली. मास्तर आमच्याकडे पाहत होते. मी खाली मातीकडे पाहत होतो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"ओ कोच! आंधरे झाले का जी? त्या पोट्ट्याचा पाय मोडून राहिला, दिसत नाई का? काढा त्याले बाहेर! आन् त्या लंब्याले मांगं आना!"

तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होतो. बहीण उभी राहिली होती. पोरगी कडेवर, पदर खांद्यावरून गळलेला. जावयांनी मान वळवली. मास्तरांनी उभ्या आयुष्यात वळवली नव्हती ती मान. नवरा-बायको भर मैदानात एकमेकांकडे पाहत होते आणि मधे अख्खी मंडई. मनात म्हणालो, संपलं. गेलं हिचं कोहमाऱ्याचं घर.

ती थांबली नाही. "मी तुमालेच बोलून राहिली! तो हो जी म्हणते, म्हणजे तुमी ऐकून घेता का?"

आणि मग पाळ फुटली. गावाच्या लेकीनंच तोंड उघडल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार? दसऱ्याआधीपासून गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं तर टोपी हवेत भिरकावून अशी शिवी हाणली की पलीकडच्या गावाचे लोकही हसले. कोणाला जावई आठवला नाही. कोच आठवला.

जावई खुर्चीवरून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, मला आजही नीट सांगता येणार नाही, कारण मी पूर्ण पाहू शकलो नाही. त्यांनी हात वर केला. सुजलेल्या पायाच्या पोराला बाहेर काढलं. लंब्या ट्रॅक्टरवाल्याला मागं पाठवलं. त्यानंतर आमच्यावर गोल झाला नाही. उलट आम्हीच एक केला. हरलो, पण एक केला. शिट्टी वाजली तशी लोकांनी मैदानात धाव घेतली. त्या गर्दीत मला मोटरसायकलची किक ऐकू आली. ती खोकली, सुरू झाली आणि हायवेच्या दिशेनं गेली. एकटी.

रात्रीचा सत्कार झालाच नाही. हार स्टेजवर तसाच पडून राहिला आणि सकाळी बकरीनं खाल्ला. बहीण मात्र त्या संध्याकाळी पाहुण्यांना वाढत फिरली, जसं काही झालंच नाही. आई भिंतीला टेकून बसलेली. शेवटी तिनं विचारलंच, "काऊन बोलली वो माय तू? लोकायसमोर?"

बहीण हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "घरी मी रोज भेते. तुमीबी भेता. कोनीच त्यायले काही बोलत नाई. मंग त्यायले समजन कसं? तो पोट्टा पडला ना, तं मले वाटलं, मीच पडली."

पाळीवर आम्ही जावयाशी दोन महिने जे केलं, ते घरात लग्नापासून करत आलो होतो. पहिलं ताट, पहिली फोड, हो जी, बराबर आहे जी. आणि आमच्या या मानापानाचा सगळा भार उचलत होती ती एकटी, कोहमाऱ्याच्या घरात.

पाहुणे गेले. मांडव सुटला. जावयांचा निरोप आला नाही. ती सकाळी धान कापायला जायची, दुपारी पोरीला झोपवायची. मी मात्र फाट्यावरून येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला मान वर करायचो. शेवटी एका दुपारी जो आवाज हवा होता तोच आला. खोकणारा. मी क्लबच्या बॉलात हवा भरत होतो. पंप हातातच राहिला.

जावई दुकानात आले. माझ्याकडे न पाहता मास्तरांच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी गेल्यावर लोक और काय बोलले?"

जिभेवर 'काही नाही जी' आलं होतं. सवय कुठं जाते? पण घराच्या दारामागं बांगड्या वाजल्या. ती ऐकत होती, हे मला कळलं. मी सांगायला सुरुवात केली. म्हातारा काय म्हणाला, अध्यक्ष काय म्हणाले, सत्काराचा बेत काय होता, सगळं. त्यांचे कान लाल झाले, पण ते उठले नाहीत. सगळं सांगून झालं आणि मला वाटलं, आता थांबावं, इथवर वाचलो. पण तोंड थांबलं नाही.

"आन् हे लोक नाई बोलले, मी बोलून राहिलो. राग आला का तुमी आमच्या पोरीले इथं आनून टाकता. सायकल पंक्चर झाली का लोक दुकानात टाकून जाते, तसं. असं करू नोका जी. राग माह्यावर काढा, काकावर काढा. आमची माय अर्धी झाली त्यानं."

बॉलातल्या पिनेतून सूं सूं हवा निघत होती. जावई माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता किक. आता कायमची किक.

ते हळूच म्हणाले, "हे पहिले काऊन नाही बोलले?"

"भेत होतो जी."

"और आता?"

दारामागची बहीण आता उंबऱ्यात येऊन उभी होती. पोरगी तिच्या पायाला धरून बापाकडे पाहत होती.

"आताबी भेऊनच राहिलो," मी म्हणालो.

बहीण हसली. जावयांनी माझ्या हातातून तो चेपलेला बॉल घेतला आणि विचारलं, मास्तर या वेळेला घरी असतात का.